साडेचार डीबीचा फरक आणि एक जळका रेझिस्टर

हे प्रकरण माझ्या टेबलावरच्या एका सिग्नल जनरेटरचं, म्हणजे हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा आणि ताकदीचा रेडिओ सिग्नल देणाऱ्या यंत्राचं आहे. १९८०च्या दशकातलं सिंथेसाइझ्ड यंत्र, एक गिगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत चालणारं, वजन १८ किलो. माझ्याकडे आलं तेच सेकंडहँड. रिसीव्हर जुळवायला, फिल्टर तपासायला, रिसीव्हरच्या मधल्या टप्प्याचा (आयएफचा) गेन बघायला मी ते चार वर्षं वापरत होते. नवं यंत्र घेणं रेडिओचा छंद असलेल्या हौशी माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून ते बिघडलं तेव्हा दुरुस्तीशिवाय दुसरा मार्ग नव्हता. पण पहिला अंदाज हाती आला तो यंत्राच्या किमतीहूनही जास्त होता. शेवटी काम झालं ते त्या अंदाजाच्या जवळपास सातव्या हिश्श्यात. हे कसं झालं ते तपशिलात मांडते, कारण वाचलेले पैसे घासाघीस करून वाचले नाहीत.

आकडे सगळे प्रमाणात देते. यंत्र ज्या किमतीला घेतलं ती १०० धरा.

बिघाड लक्षात आला तो एस-मीटरवर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या रिसीव्हरच्या मीटरवर. (डीबी हे दोन ताकदींमधल्या पटीचं माप: १० डीबी म्हणजे पॉवर दहापट. डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत किती डीबी.) शॉर्टवेव्ह रिसीव्हरचा मीटर तपासत होते. ३० मेगाहर्ट्झच्या खाली एस-नाइन म्हणजे उणे ७३ डीबीएम, ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट, आणि तिथून खाली प्रत्येक एस-युनिट ६ डीबीचं, असा संकेत आहे. जनरेटरची पातळी दहा-दहा डीबीने उतरवत गेले तर काटा एके ठिकाणी जेमतेम एक युनिट खाली आला आणि पुढच्या एका पायरीला अडीच युनिट कोसळला. आधी दोष रिसीव्हरलाच दिला, कारण हौशी रिसीव्हरचे एस-मीटर असे लहरी असतातच. दुसरा रिसीव्हर जोडला, तरी तेच. मग जनरेटरकडे वळले.

कारण शोधायला फार मागे जावं लागलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी ट्रान्सीव्हरचा (ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच पेटीत) रिसीव्हर भाग जुळवताना जनरेटर थेट अँटेनाच्या सॉकेटला लावला होता, मायक्रोफोन टेबलावर तसाच, आणि केबल ओढताना हाताखाली पीटीटी, म्हणजे ट्रान्समीटर सुरू करणारं मायक्रोफोनवरचं बटण, दाबलं गेलं. जेमतेम सेकंदभर. पॉवर ५ वॉटवर होती. त्या वेळी सगळं ठीक दिसलं: धूर नाही, वास नाही, पातळीही पडद्यावर बरोबर. पुष्कळ जनरेटरमध्ये उलट्या दिशेने येणाऱ्या पॉवरला तोडणारा रिले असतो. माझ्या यंत्रात तो पर्यायी भाग होता आणि मूळ खरेदीदाराने तो घेतलेला नव्हता.

पहिलं पत्र

घाई मी इथे केली. पुरेशी मोजमापं न घेता एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेला आणि एका स्वतंत्र तंत्रज्ञांना एकच मजकूर पाठवला: आउटपुटची पातळी चुकते आहे, दुरुस्तीला किती खर्च येईल?

प्रयोगशाळेचं उत्तर आलं १४०, पाठवणी वेगळी. त्यात बिघाड शोधणं, आउटपुटची पातळी पायऱ्यांनी कमी करणारं अख्खं अ‍ॅटेन्युएटर बदलणं आणि प्रमाणपत्रासह पूर्ण कॅलिब्रेशन असं सगळं धरलेलं होतं. १८ किलोची पेटी नेण्या-आणण्याला आणखी ३०. तंत्रज्ञांनी सौजन्याने लिहिलं, की बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही, यंत्र पाठवून द्या, तपासणीचे तास धरावे लागतील.

तेव्हा दोन्ही उत्तरं मनाला लागली. आज वाटतं, दोघंही रास्त बोलत होते. माझ्या त्या एका ओळीत बिघाड कुठेही असू शकत होता: ऑसिलेटरनंतरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, पातळी स्थिर ठेवणाऱ्या लूपमध्ये, डिटेक्टर डायोडमध्ये, रिलेच्या चालकात किंवा अ‍ॅटेन्युएटरमध्ये. न पाहिलेल्या यंत्रात किती तास जातील हे कोण सांगणार? मग जो तो सर्वांत वाईट शक्यता धरून आकडा देतो. जुन्या यंत्राच्या दुरुस्तीत सुटा भाग बहुधा स्वस्तच असतो. पैसे जातात ते शोधण्याच्या तासांचे, आणि ते तास माझ्याकडे फुकट होते.

तिसरा पर्याय होता तेच मॉडेल भंगारातून घेऊन त्याचं अ‍ॅटेन्युएटर काढण्याचा. एक सापडलं, किंमत ६०. घेतलं नाही, आणि कारण सांगण्यासारखं आहे. ट्रान्समीटर चुकून जनरेटरवर सोडणारी मी काही एकटी नाही. या जातीच्या यंत्रात सर्वांत आधी मरतो तो आउटपुटचा अ‍ॅटेन्युएटरच. 'सुट्या भागांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या जनरेटरमधला नेमका हाच भाग शाबूत असेल, यावर ६० लावायची माझी तयारी नव्हती.

बिघाड कुठे आहे

सर्व्हिस मॅन्युअल स्कॅन केलेलं मिळालं. त्या काळातल्या मोजमाप-यंत्रांची मॅन्युअलं म्हणजे शिकवणीच असते: प्रत्येक भाग कसा चालतो याचं वर्णन, ब्लॉक डायग्राम, संपूर्ण सर्किट, कुठे किती व्होल्ट हवेत ते. (मॅन्युअल शोधताना कंपनीची जुनी-नवी सगळी नावं टाकून पाहा. मार्कोनी इन्स्ट्रुमेंट्स १९९८ मध्ये आयएफआरकडे गेली, आयएफआर २००२ मध्ये एरोफ्लेक्सकडे, एरोफ्लेक्स २०१४ मध्ये कॉबमकडे आणि तो व्यवसाय २०१८ मध्ये व्हियावीकडे. ह्यूलेट-पॅकार्डचा मोजमाप विभाग १९९९ मध्ये अ‍ॅजिलेंट झाला, २०१४ मध्ये कीसाइट. कुठल्याशा संग्रहात तुमचं यंत्र चौथ्याच नावाखाली पडलेलं असतं.) माझ्या प्रतीत घडीची मोठी पानं अर्धीच स्कॅन झाली होती, पण अ‍ॅटेन्युएटरचं पान पूर्ण होतं.

अ‍ॅटेन्युएटरमध्ये चार पॅड, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे रेझिस्टरचे गट: १०, २०, ४० आणि ६० डीबी. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना सोलेनॉइडने (विद्युतचुंबकाने) हलणारे संपर्क. पॅड मार्गात घ्या किंवा बाजूने सरळ जाऊ द्या. हव्या त्या पातळीसाठी कोणते पॅड आत येतात त्याचा तक्ता मॅन्युअलमध्ये होता. ७० डीबीपर्यंत पहिले तीनच पॅड वापरले जातात. पातळी दहा-दहाने उतरवली की ते या क्रमाने येतात: काही नाही, १०, २०, १० अधिक २०, ४०, ४० अधिक १०, ४० अधिक २०, आणि मग तिन्ही.

मोजायला माझ्याकडे एडी८३०७ या लॉग डिटेक्टर चिपवर बांधलेला छोटा पॉवर मीटर आहे, हौशी लोकांच्या ओळखीचा. ही चिप साधारण उणे ७५ ते अधिक १७ डीबीएमपर्यंत दर डीबीला २५ मिलिव्होल्ट देते, म्हणजे पुढे साधा मल्टिमीटर पुरतो. तिची अचूक पातळी कधी कुणाशी ताडून घेतलेली नव्हती. पण मला खरी पातळी नकोच होती, दोन पायऱ्यांमधलं अंतर हवं होतं. १० डीबीची पायरी म्हणजे २५० मिलिव्होल्ट, बस्स.

३० मेगाहर्ट्झवर अधिक १० डीबीएमपासून उणे ६० पर्यंत उतरले. वहीत हे आकडे आले: २५१, १३६, २४९, ३६४, २५०, १३५, २५०.

पायऱ्यांऐवजी पातळ्या मांडल्या तर दोन बरोबर, दोन चूक, दोन बरोबर, दोन चूक. चूक दर वेळी तीच: हवी त्यापेक्षा सुमारे ४.६ डीबी जास्त पातळी. तक्त्याशेजारी वही ठेवली आणि पुढे विचार करायला फारसं उरलंच नाही. ज्या-ज्या पातळीला २० डीबीचा पॅड आत आहे, ती प्रत्येक चूक. ज्यात तो नाही, ती प्रत्येक बरोबर. ऑसिलेटर, अ‍ॅम्प्लिफायर, लेव्हलिंग, बाकीचे पॅड, सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले.

ओळखीच्या एकांनी सुचवलं होतं, की संपर्क मळले असतील, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघ. मी मारला नाही, आणि बरं झालं. एक तर तो द्रव अ‍ॅटेन्युएटरच्या आत थर सोडतो. दुसरं म्हणजे मळलेला संपर्क अशी शिस्तीत चूक करत नाही. तो कधी वीस डीबी खातो, कधी पाच. टिचकी मारली की बदलतो. आणि तो पातळी कमी करतो, जास्त नाही. इथे तीन दिवसांत चूक दशांशाने हलली नव्हती. म्हणजे एखादा रेझिस्टर गेलेला.

मल्टिमीटरने पाहिलेलं अ‍ॅटेन्युएटर

या टप्प्याचं मला अजून कौतुक वाटतं, म्हणून थोडं थांबते.

अ‍ॅटेन्युएटर बाहेर काढायला आठ मिलिमीटरचा पाना आणि संयम लागतो. एसएमए (केबलच्या टोकाचा आटे असलेला छोटा कनेक्टर) नट सोडताना कनेक्टरचा मागचा भाग दुसऱ्या पान्याने धरायचा. ताठ तांब्याच्या केबल वाकवून वाट करायची नाही, तर दोन्ही टोकं सोडवून केबलच बाजूला घ्यायची. आधी फोटो, प्रत्येक केबलला चिकटपट्टीवर क्रमांक. त्याआधी अर्थातच मेनची पिन बाहेर आणि पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर उतरल्याची मीटरने खात्री.

२० डीबीचा ५० ओहमचा पाय-पॅड (ग्रीक π अक्षरासारखी जोडणी) म्हणजे तीन रेझिस्टर: दोन्ही टोकांना जमिनीकडे (सर्किटच्या ग्राउंडकडे) ६१.१ ओहम आणि मधे २४७.५. दुसरं टोक मोकळं ठेवून एका टोकाकडून मोजलं तर धडधाकट पॅड ५१ ओहम दाखवतो. सोलेनॉइडला क्षणभर व्होल्टेज देऊन फक्त २० चा पॅड आत घेतला, बाकी तीन बाजूला. जनरेटरकडच्या टोकातून मल्टिमीटर म्हणाला ६१. आउटपुटच्या टोकातून ३०९.

२४७.५ आणि ६१.१ यांची बेरीज ३०८.६. म्हणजे आउटपुटकडचा ६१ ओहमचा रेझिस्टर पूर्ण उघडा पडलाय, बाकीचे दोन शाबूत. दुसऱ्या टोकाने दाखवलेले ६१ हेच सांगतात: जवळचा ६१ एकटा उरलाय, कारण त्याच्या पलीकडची वाट जमिनीपर्यंत पोचतच नाही. तो रेझिस्टर काढून टाकून कागदावर पॅडचा हिशेब केला. २० ऐवजी १५.४ डीबी आले. फरक ४.६. वहीतला आकडा आणि कागदावरचा आकडा एकच आला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले आणि थोडा वेळ काहीच केलं नाही.

तोच रेझिस्टर का, याचंही उत्तर त्याच हिशेबात आहे. ५ वॉट आउटपुटच्या बाजूने आत शिरले तर टोकावर जवळपास १६ व्होल्ट उभे राहतात. त्यातले ४ वॉटहून अधिक पहिल्या ६१ ओहममध्ये जातात, मधल्या रेझिस्टरच्या वाट्याला एक वॉटही येत नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या फिल्मला एका सेकंदात ४ वॉट पुष्कळ झाले.

दुसरं पत्र

आता त्याच तंत्रज्ञांना पुन्हा लिहिलं. पत्र जवळजवळ जसंच्या तसं देते:

"आपल्याला मागे विचारलं होतं तेच यंत्र. बिघाड सापडला आहे. स्टेप अ‍ॅटेन्युएटरमधल्या २० डीबी पॅडचा आउटपुटकडचा शंट रेझिस्टर उघडा आहे. त्या टोकाकडून ३०९ ओहम, दुसऱ्या टोकाकडून ६१. बाकी तीन पॅड मोजले, बरोबर आहेत. चारही सोलेनॉइड चालतात. पॅडचे फोटो जोडले आहेत. अ‍ॅटेन्युएटर मी काढला आहे, तेवढाच पाठवेन, परत जोडणं आणि तपासणं माझं. त्या जागी चिप रेझिस्टर बसवून द्याल का? ५०० मेगाहर्ट्झपर्यंत नीट चाललं तरी मला पुरे. सिरॅमिकला तडा असेल आणि काम होण्यासारखं नसेल तर तसंच परत करा, परतीचा खर्च मी देईन."

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. ठरलेला आकडा: १४. तपासणीचे तास नाहीत.

त्यांनी फोनवर विचारलं, "तुम्ही स्वतः का नाही बसवत? एवढं शोधलंय तर."

प्रश्न बरोबर होता. मी चिप रेझिस्टर छापील सर्किटवर बसवते. पण हे सिरॅमिकवर छापलेले चांदीयुक्त वाहक होते. साध्या कथिल-शिशाच्या सोल्डरमध्ये ती चांदी विरघळून जाते आणि पट्टीच नाहीशी होते. दोन टक्के चांदी असलेलं सोल्डर आणि हलका, झटपट हात लागतो. टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ऑसिलोस्कोपमधल्या सिरॅमिक पट्ट्यांना चांदीचं सोल्डर वापरा, असं सांगतात ते याच कुळातल्या कारणाने. शिवाय जुन्या आरएफ भागांत पांढरं सिरॅमिक बेरिलियम ऑक्साइडचंही असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून खात्री नसेल तर खरवडायचं, घासायचं, फोडायचं नाही. एकच पॅड, एकच संधी. पैसे खर्च करायचे तर ते इथेच, हे माझं मत तेव्हाही होतं.

त्यांनी जळकी फिल्म तशीच राहू दिली. ती पूर्ण उघडी होती, त्यामुळे हिशेबात येत नव्हती. वरून १२१ आणि १२४ ओहमचे दोन चिप रेझिस्टर समांतर बसवले: ६१.२ ओहम. एकाऐवजी दोन घातले कारण समांतर जोडणीत इंडक्टन्स कमी होतो, आणि पॉवरही वाटली जाते. पाकीट आठव्या दिवशी परत आलं. नेण्या-आणण्याचा खर्च ४. अठरा किलोची पेटी घराबाहेर पडलीच नव्हती.

दरम्यान उघड्या यंत्रात दोन गोष्टी दिसल्या. मेन फिल्टरमधल्या कागदी कपॅसिटरच्या पिवळसर पारदर्शक कवचाला केसासारख्या भेगा गेल्या होत्या. असे कपॅसिटर भेगांतून दमट हवा पितात आणि एक दिवस धुराने खोली भरतात. त्याच वर्गाचा, म्हणजे मेनवर लावायला चालणारा एक्स-टू, नवा घातला. आणि कॅलिब्रेशनचे आकडे जपणारी लिथियमची बॅटरी म्हातारी झाली होती. ती बदलताना शेजारी दुसरी बॅटरी डायोडमधून जोडून ठेवली, नाहीतर मेमरीतले आकडे पुसले जातात आणि मग खरोखरच प्रयोगशाळेचं दार ठोठावावं लागतं. दोन्ही मिळून ३.

एकूण २१.

जोडल्यानंतर

आधी मल्टिमीटर: दोन्ही टोकांकडून ५१. मग नॅनोव्हीएनए या छोट्या नेटवर्क-मापकावर नुसता पॅड: १० मेगाहर्ट्झला २०.० डीबी, ५०० ला २०.३, ९०० ला २०.८. वरच्या टोकाला थोडा ढळलेला आहे. चिप रेझिस्टर सिरॅमिकवर छापलेल्या फिल्मची बरोबरी तिथे करू शकत नाही. मग अ‍ॅटेन्युएटर यंत्रात, पितळी एसएमएला लागतो तेवढाच पीळ देऊन, सुमारे ०.५६ न्यूटन-मीटर. एडी८३०७ वरच्या सातही पायऱ्या २४८ ते २५२ मिलिव्होल्टमध्ये आल्या.

उणे ७५ च्या खाली माझा मीटर आंधळा आहे, तिथे रिसीव्हर वापरला, पण तराजूसारखा. जनरेटर उणे १०० वर ठेवून काटा कुठे थांबतो ती खूण केली. मग मोजलेला बाहेरचा २० डीबीचा पॅड मधे घालून जनरेटर उणे ८० वर. काटा त्याच खुणेवर यायला हवा, आला. एस-मीटर किती खोटं बोलतो याला इथे महत्त्व नाही, कारण त्याला एकाच जागेवर दोनदा उभं केलंय.

प्रमाणपत्राचं कॅलिब्रेशन मी केलं नाही. जे कुणाला मोजमाप विकतात त्यांना ते लागतं. मला एका बिंदूची खात्री हवी होती. ओळखीच्या एका हौशी स्नेह्यांकडे नुकताच कॅलिब्रेट करून आलेला पॉवर मीटर होता. जनरेटर त्यांच्याकडे नेला, १०० मेगाहर्ट्झ आणि ० डीबीएमला दोघं ०.२ डीबीत जुळले, वहीत तारीख टाकली.

आउटपुटला आता कायम एक २० डीबीचा, १० वॉट सोसणारा पॅड लावलेला असतो. पुन्हा कधी ५ वॉट चुकून आले तरी आत पोचतील ते ५० मिलिवॉट. मायक्रोफोन मात्र जुळवणीच्या आधी सॉकेटमधून काढून खणात ठेवते. पॅनेलवर चिकटपट्टी आहे: "२० डीबी पॅड दुरुस्त, ५०० मेगाहर्ट्झच्या वर ०.८ पर्यंत कमी पातळी धरावी." ४३३ मेगाहर्ट्झच्या कामाला ती अडचण आजवर आलेली नाही. त्या मॉडेलचं धडधाकट अ‍ॅटेन्युएटर कुठे दिसलं, आणि विकणाऱ्याने दोन्ही टोकांकडून ओहम मोजून दाखवले, तर घेईन.